५२ वजा १७ : घरच्या शाळेसाठी गणिताचा अभ्यासक्रम निवडताना

घरी शिकणाऱ्या दोन भावंडांना वजाबाकीचे एकच गणित दिले: ५२ − १७. आठ वर्षांच्या धाकटीचे उत्तर आले ४५. दहा वर्षांच्या थोरल्याचेही ४५. दोघांचे चुकले आणि चूकही सारखीच, तेव्हा दोघांना वजाबाकीचा आणखी सराव द्यावा, असे कोणालाही वाटेल. पण त्याआधी एकच अंक बदलून ५३ − १७ देऊन पाहावे. आता धाकटी ४४ लिहिते आणि थोरला ४६.

धाकटीने पाहिले की ३मधून ७ जात नाहीत. मग तिने गणितच उलटे फिरवले: ७मधून ३ गेले, राहिले ४; ५मधून १ गेला, राहिले ४. थोरल्याने दशक सुटा केला, १३मधून ७ वजा करून ६ लिहिले, इथवर बरोबर. पण दशकाच्या घरातले ५ कमी करून ४ करायचे तो विसरला. पहिल्या गणितात हा फरक झाकला गेला तो निव्वळ योगायोगाने, कारण ७ − २ म्हणजे ५ आणि १२ − ७ म्हणजेही ५.

खिशातल्या पैशांच्या भाषेत हे लगेच कळते. ५३ रुपये म्हणजे दहाच्या पाच नोटा आणि तीन सुटे रुपये. सतरा रुपये द्यायचे तर एक नोट मोडावी लागते. थोरल्याने नोट मोडून सुटे घेतले, पण मोडलेली नोटही खिशातच धरली. धाकटीला मात्र नोट मोडता येते हेच ठाऊक नाही. तिच्या लेखी ५ आणि ३ हे शेजारी लिहिलेले दोन वेगळे अंक आहेत. थोरल्याला आठवडाभराचा नेमका सराव पुरेल. धाकटीला सराव दिला तर ती चुकीची रीत पक्की करील; तिला स्थानिक किंमत पुन्हा पहिल्यापासून, हातात वस्तू घेऊन शिकावी लागेल. एकाच घरातल्या या दोन मुलांना एकच पुस्तक एकाच वेगाने लावणे किती फोल आहे, ते एवढ्यावरून दिसते. अभ्यासक्रमाची निवड सुरू होते ती इथून. कोणती मालिका उत्तम, हा प्रश्न त्यानंतरचा.

इयत्ता नव्हे, पायरी

शाळेत मूल कोणते गणित शिकणार हे त्याच्या जन्मतारखेवरून ठरते. चाळीस मुलांच्या वर्गासाठी ती सोय आहे, पण मुलाच्या समजेचे ते माप नव्हे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याबद्दल वेगळे कलम नाही, त्यामुळे घरच्या अभ्यासक्रमाला कोणाची मंजुरी घेण्याची पद्धतही नाही. म्हणजे इयत्तेची सक्ती करणारे घरात कोणी नसते. तरीही बहुतेक पालक पहिले काम करतात ते वयाप्रमाणे ‘तिसरीचे पुस्तक’ आणण्याचे.

त्याऐवजी मूल नेमके कोणत्या पायरीवर थांबते ते शोधावे. याची सोपी आणि कसाला उतरलेली रीत ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५पासून वापरली जाते. तिच्या गणिताच्या कागदावर मोजक्याच पायऱ्या असतात: १ ते ९ अंक ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न विचारता ते ज्या पायरीपर्यंत चढते ती त्याची पायरी मानायची. घरी याच धर्तीवर पुढच्या पायऱ्या जोडता येतात: अपूर्णांकांची तुलना, दशांश, शेकडेवारी, अक्षर वापरून लिहिलेले साधे समीकरण.

तपासणी करताना उत्तरापेक्षा ‘कसे काढलेस ते सांग’ या वाक्याला महत्त्व आहे. आणखी एक पथ्य पाळावे: प्रत्येक पायरीवर अंक थोडे बदलून निदान तीन गणिते द्यावीत. एकच गणित दिले तर ५२ − १७ सारखा योगायोग आड येतो.

मराठी मुलांच्या बाबतीत एक जादा अडचण तपासावी लागते, आणि ती गणिताची नसून भाषेची असते. ‘बावन्न’ म्हणताना आधी दोन ऐकू येतात, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी ५ आणि मग २. म्हणून बावन्न सांगितले की काही मुले २५ लिहितात. एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारे मूलही ढ नसते. तीस ऐकू आले, नऊचा अंदाज केला, इतका सरळ त्याचा विचार असतो. ‘एकोण’ म्हणजे एक उणे, हे त्याला कोणी फोडून सांगितलेले नसते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि विनोदांचा पाऊस पडला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते: जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची ही नावे लहान मुलांना जड जातात. घरी हा वाद घालण्याचे कारण नाही. सहा-आठ महिने ‘बावन्न, म्हणजे पन्नास दोन’ अशी दोन्ही नावे जोडीने म्हटली की काम होते.

पुस्तकाची घडण : गोल जिना, मजले आणि मुरांबा

पायरी कळली की पुस्तकाकडे वळता येते. बाजारात आणि इंटरनेटवर नावे असंख्य आहेत, पण त्यांची अंतर्गत रचना ढोबळ मानाने तीनच प्रकारची असते. मुखपृष्ठापेक्षा ती रचना ओळखणे अधिक उपयोगाचे.

पहिली रचना गोल जिन्याची. जिना चढताना तीच खिडकी पुन्हा पुन्हा दिसते, दर वेळी थोड्या उंचीवरून. बालभारतीची पुस्तके अशी आहेत. संख्या, बेरीज-वजाबाकी, आकृत्या, मापन, अपूर्णांक हे विषय दरवर्षी परततात आणि थोडे पुढे सरकतात. सर्वसाधारण गतीच्या मुलाला ही रचना मानवते. आज न कळलेले पुढच्या वर्षी कळेल, अशी त्यात सोय असते. तोटाही तोच. ज्या मुलाला भागाकार समजलेलाच नाही त्याच्या समोर पंधरा दिवसांत कोन येतात, मग घड्याळ, आणि भागाकार अर्धवट राहतो तो वर्षभर. जलद मुलाला दर जूनमध्ये निम्मे पुस्तक शिळे वाटते.

दुसरी रचना मजल्यांची. एक मजला पुरता बांधल्याशिवाय दुसऱ्याचा पाया नाही. अमेरिकेतल्या होमस्कूलिंगमध्ये चालणारी ‘मॅथ-यू-सी’ ही मालिका याचे ठळक उदाहरण आहे. तिच्या पुस्तकांवर इयत्ता नसतेच. अल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरे असतात. अल्फात एक अंकी बेरीज-वजाबाकी, गॅमात गुणाकार, डेल्टात भागाकार, एप्सिलॉनमध्ये अपूर्णांक. अकरा वर्षांच्या मुलाला गॅमा दिले तर ‘मी तिसरीत बसलोय’ ही लाज त्याला वाटत नाही, हा त्यातला न सांगितलेला फायदा. अडखळणाऱ्या मुलाला ही रचना धीर देते. मात्र सहा महिने फक्त गुणाकार करून काही मुले कंटाळतात आणि आधीची वजाबाकी विसरून बसतात.

तिसरी रचना मुरांब्याची: रोज थोडे, पण मुरत राहणारे. अमेरिकी हवाई दलातून निवृत्त होऊन शिक्षक झालेले जॉन सॅक्सन यांची पाठ्यपुस्तके या पद्धतीची आहेत. रोजच्या पाठात नवी गोष्ट एकच आणि तीही छोटी. त्यानंतर जवळपास तीस गणिते, ज्यांतली दोन-चारच नव्या पाठाची असतात आणि बाकीची गेल्या काही आठवड्यांतली. विसराळू मुलाला ही औषधासारखी लागू पडते. कल्पक, चटकन समजणाऱ्या मुलाला मात्र तीच गणिते जाच वाटू शकतात. त्याला एकाआड एक गणिते सोडवू द्यावीत.

या तिसऱ्या पद्धतीतली मिसळ का उपयोगी पडते, यावर एक लहान पण बोलका प्रयोग आहे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या त्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका आकृतीची गणिते सलग सोडवली, दुसऱ्याने चारही मिसळून. सरावाच्या वेळी सलग गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळलेल्या गटाची ६० टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलग गट २० टक्क्यांवर घसरला होता आणि मिसळलेला गट ६३ टक्क्यांवर टिकून होता. कारण उघड आहे. सलग गणितांत कोणती रीत लावायची हे वरच्या शीर्षकावरूनच कळते, विचार करावाच लागत नाही. वहीत ओळीने बरोबरच्या खुणा दिसल्या म्हणजे मूल शिकले, हा पालकांचा समज या आकड्यांनी ढासळतो. म्हणून पुस्तक कोणतेही असो, आठवड्यातून दोन दिवस जुन्या धड्यांची मिसळलेली दहा गणिते घरीच काढून द्यावीत.

काड्या, चित्र, मग अंक

रचनेइतकेच महत्त्वाचे दुसरे परिमाण म्हणजे पुस्तक मुलाला अंकांपर्यंत कोणत्या वाटेने नेते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात तीन टप्पे मांडले: हाताने करून समजणे, चित्रात पाहणे, आणि चिन्हांत लिहिणे. सिंगापूरने १९८०च्या दशकात आपली प्राथमिक गणिताची पुस्तके याच क्रमावर उभी केली. १९९५च्या आंतरराष्ट्रीय ‘टिम्स’ चाचणीत चौथी आणि आठवी या दोन्ही स्तरांवर सिंगापूर पहिले आले आणि ‘सिंगापूर गणित’ हे नाव जगभरच्या होमस्कूलिंग करणाऱ्यांच्या तोंडी झाले.

पण वस्तूंकडून अंकांकडे जाण्यासाठी परदेशी संच मागवलाच पाहिजे असे नाही. बोर्डी आणि कोसबाड इथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरींच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे वापरून बालवाड्या चालवल्या. दहा-दहाच्या जुड्या बांधलेल्या आइसक्रीमच्या काड्या स्थानिक किंमत शिकवायला आजही पुरतात. धाकटीला ५३ म्हणजे पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या मांडायला द्याव्यात आणि सतरा काढून द्यायला सांगावे. ती तीन काड्या देते आणि थांबते. थोडा वेळ गप्प राहावे. बहुतेक मुले स्वतःच एका जुडीचे रबर काढतात. रबर सुटल्याचा तो क्षण म्हणजे हातचा. कागदावरची खाडाखोड त्यानंतर यावी.

दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ संस्थेने रुजवलेली गणितमाळही अशीच स्वस्त वस्तू आहे. दहा-दहाच्या आळीपाळीने बदलणाऱ्या दोन रंगांत शंभर मणी ओवलेले असतात. माळेवर ५३ − १७ म्हणजे दोन मण्यांमधले अंतर: सतरापासून वीसपर्यंत ३, वीसपासून पन्नासपर्यंत ३०, पुढे ३, एकूण ३६. हातचा कुठेच आला नाही. दुकानदार सुटे परत देताना नेमके हेच करतो. ज्या मुलाच्या डोक्यात उभ्या मांडणीची धास्ती बसली आहे त्याला या आडव्या वाटेने आधी बरोबर उत्तर मिळू द्यावे. उभी रीत नंतर शिकवता येते.

चित्राचा टप्पा पालक हमखास गाळतात, आणि शाब्दिक उदाहरणे अडतात ती तिथेच. सिंगापूरच्या पुस्तकांतली पट्ट्यांची रीत इथे मोलाची आहे. ‘दोघांकडे मिळून ७२ गोट्या, थोरल्याकडे धाकटीच्या दुप्पट, प्रत्येकाकडे किती?’ धाकटीसाठी एक चौकोन काढायचा, थोरल्यासाठी तसेच दोन. तीन चौकोन मिळून ७२, म्हणून एक चौकोन २४. उत्तर २४ आणि ४८. बीजगणितातला क्ष न शिकता मूल क्षचेच काम करून जाते.

याच एका उदाहरणावर वेगवेगळ्या कुवतीची मुले एकत्र बसू शकतात. सुरुवातीच्या मुलाला ७२ऐवजी ९ आणि खऱ्या गोट्या द्याव्यात. मधल्याला ७२ आणि पट्ट्या. पुढच्याला विचारावे: थोरल्याकडे दुपटीपेक्षाही ६ जास्त असतील तर? (उत्तर २२ आणि ५०.) त्याहून पुढच्याला विचारावे: ७२च्या जागी कोणत्या संख्या चालतील आणि कोणत्या चालणार नाहीत, आणि का? गोष्ट तीच राहते, खोली बदलते. महाराष्ट्रातल्या दोन शिक्षकी शाळांत गुरुजी-बाई एका खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळतात त्या अशाच युक्त्यांवर. घरच्या पालकाला त्यातून शिकण्यासारखे खूप आहे.

जलद मुलाला पुढे नव्हे, खोल न्यावे

होमस्कूलिंगमध्ये सर्वांत मोहाची चूक होते ती हुशार मुलाच्या बाबतीत. शाळेची अडवणूक नाही, तेव्हा तिसरीच्या वयात पाचवी उरकली, पाचवीच्या वयात आठवी, असे पाढे पाहुण्यांसमोर वाचले जातात. रीत लवकर उचलणारे मूल आणि गणित समजणारे मूल ही नेहमी एकच नसतात. त्याला ७ ÷ ½ विचारावे. ‘उलटे करून गुणायचे, १४’ हे उत्तर तो क्षणात देईल. मग सात पोळ्या आणि अर्धी अर्धी वाटणी असे चित्र काढायला सांगावे. अडला, तर आठवीचे पुस्तक कपाटात ठेवावे.

अशा मुलासाठी वजाबाकीसुद्धा शिळी राहत नाही, याचा पुरावा नाशिकजवळच्या देवळालीत आहे. तिथल्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या त्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करावे. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ७६४१ − १४६७ केले तरी ६१७४च. जास्तीत जास्त सात पावलांत प्रत्येक संख्या इथे येऊन थांबते. तीन अंकी संख्या ४९५वर थांबतात. हातच्याच्या वजाबाकीची वीस गणिते ज्याला शिक्षा वाटते, तेच मूल ही चाळीस वजाबाक्या स्वतःहून करते.

त्याच टेबलावर बसलेल्या धाकटीला हाच खेळ दोन अंकांचा द्यावा. ५२ − २५ = २७, ७२ − २७ = ४५, ५४ − ४५ = ९, ९० − ०९ = ८१, ८१ − १८ = ६३, ६३ − ३६ = २७, आणि चक्र पुन्हा सुरू. तिचा सराव होतो. थोरल्याने मात्र सगळी उत्तरे ९च्या पाढ्यातलीच का येतात, याचा छडा लावायचा.

तयार साहित्यात ‘बीस्ट अकॅडमी’ ही अमेरिकी मालिका चित्रकथेच्या रूपात अशीच खोल गणिते देते. तिची इंग्रजी सफाईदार आहे, म्हणून इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्या मुलाला गणिताआधी भाषाच अडवते. पुण्यात श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान ऑलिंपियाडच्या तयारीचे वर्ग घेते, आणि पाचवी-सहावीच्या वयासाठी ‘बीएमटीएससी’ ही प्रज्ञाशोध स्पर्धाही भरवत आले आहे. अशा स्पर्धांच्या जुन्या प्रश्नपत्रिका हा परीक्षेला न बसणाऱ्या मुलासाठीही उत्तम अभ्यासक्रम ठरतो.

अडखळणाऱ्या मुलासाठी

इथे निवडीचे निकष साधे आहेत: पानावर गणिते कमी, अक्षर मोठे, चित्र सजावटीसाठी नसून गणिताला धरून, आणि एका धड्यात एकच नवी गोष्ट. मेंदूची तात्पुरती पाटी लहान असते. ८ + ५ किती हे बोटांवर मोजण्यातच ती भरून गेली, तर ‘दशक सुटा करायचा आहे’ हे लिहायला जागा उरत नाही. म्हणून पाढे आणि लहान बेरजा तोंडपाठ हव्यातच. पाठांतराला नाक मुरडण्याची अलीकडची फॅशन या मुलांचे नुकसान करते. फक्त क्रम पाळावा: सहा चोक चोवीस हे आधी चिंचोक्यांच्या सहा ओळींत दिसावे, मग ओठांवर यावे.

नीट शिकवूनही नऊ-दहा वर्षांचे मूल ३ + ४ बोटांवर मोजत असेल, दोन संख्यांतली मोठी कोणती हे चटकन सांगता येत नसेल, घड्याळ आणि सुटे पैसे यांत सतत गोंधळत असेल, तर गणन-अक्षमतेची, म्हणजे डिसकॅल्क्युलियाची, तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. हा आळस नव्हे आणि बुद्धी कमी असल्याची खूणही नव्हे. मुंबईत शीव रुग्णालयात अशा अध्ययन-अक्षमतेची तपासणी होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ, कॅल्क्युलेटर यांसारख्या सवलती मिळतात. घरात प्रमाणपत्राची गरज पडत नाही, म्हणून तपासणी टाळली जाते. मग दहावीच्या तोंडावर धावपळ होते.

चौकट : पुस्तक घेण्याआधीची अर्ध्या तासाची परीक्षा
*मधल्याच एखाद्या धड्याची चार पाने मुलाला द्यावीत, पहिल्या धड्याची नव्हेत. दहापैकी सात-आठ गणिते थोड्या विचाराने सुटली तर पायरी योग्य. दहाही पटापट सुटली तर पुस्तक सोपे, पाचाखाली तर जड. उदाहरणांची भाषा मूल स्वतः वाचू शकते का, ते पाहावे. शिकवणाऱ्या पालकासाठी सूचना आहेत का आणि रोज किती मिनिटे पालकाने शेजारी बसणे गृहीत धरले आहे, तेही पाहावे. दोन-तीन मुले असतील तर किमान एकाचे पुस्तक त्याला एकट्याने वाचता येईल असे हवे.*

दहावीचे दार

घरी कितीही स्वातंत्र्य असले तरी चौदा-पंधराच्या वयात एका परीक्षेच्या दारातून जावे लागते, आणि कोणते दार हे निदान आठवीच्या वयात ठरवावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, म्हणजे एनआयओएस, हे सर्वांत रुळलेले दार. तिचे मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष आहेत. दहावीला पाच विषय पुरतात, त्यांत गणित सक्तीचे नाही, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे गणित एकटे मागे ठेवून सावकाश देता येते. गणित वगळण्याची ही सोय अडखळणाऱ्या मुलाला दिलासा देते, पण पुढे विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतनाची शक्यता असेल तर ती घेऊ नये.

राज्य मंडळाची दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. तिथे गणिताचे दोन भाग असतात, बीजगणित आणि भूमिती, आणि भूमितीतल्या सिद्धता लिहिण्याची सवय वर्षभरात लागत नाही. फॉर्मसोबत शाळा सोडल्याचा दाखला मागतात, त्यामुळे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला ही वाट अवघड जाते. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ हा अशा मुलांसाठी जवळचा पर्याय. त्याच्या परीक्षा पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी या स्तरांवर होतात. केंब्रिजच्या आयजीसीएसई गणितात ‘कोर’ आणि ‘एक्स्टेंडेड’ असे दोन स्तर असून कोर घेतला तर श्रेणी सीच्या वर जात नाही. ज्या मुलाची ओढ गणिताकडे आहे त्याला कोरमध्ये बसवणे म्हणजे त्याचे छप्पर आधीच ठरवणे.

केव्हा बदलावे, केव्हा थांबावे

पुस्तक लावल्यावर पहिल्या महिन्यातली कुरकुर मनावर घेऊ नये. दर सहा आठवड्यांनी पायऱ्यांची तीच तपासणी बदललेल्या अंकांनी करावी. मूल पायरीवरून हललेच नसेल तर आधी वेग कमी करावा, मग हातातली वस्तू बदलावी, आणि त्यानेही फरक पडला नाही तरच पुस्तक बदलावे. हा क्रम उलटा केल्याने कित्येक घरांत चार मालिकांचे पहिले तीन-तीन धडे झालेले असतात आणि अपूर्णांक एकातही आलेले नसतात, कारण ते बहुधा पुस्तकाच्या मध्यावर असतात.

वेगवेगळ्या विषयांत वेगवेगळ्या पायरीवर असलेल्या मुलासाठी दोन पुस्तके एकत्र चालवण्यात गैर काही नाही. भूमितीत पाचवी आणि भागाकारात तिसरी, असे मूल अपवाद नव्हे.

पैशाचा प्रश्न शेवटी येतो, आणि तो वाटतो तितका मोठा नाही. बालभारतीची आणि एनसीईआरटीची गणिताची पुस्तके, तसेच एनआयओएसचे अभ्याससाहित्य, त्या त्या संस्थांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य उतरवून घेता येते. आयात केलेला संच मागवण्याआधी या तिघांतला एकेक धडा छापून टेबलावर ठेवावा, आणि शेजारी काड्यांच्या पाच जुड्या.